जमिनीचा वाटा

मारेगावात मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस पडून गेला की आमचे मोठेबाबा ओसरीवरूनच विचारायचे, "नाला आला का रे?" आम्ही पोरं चिखल तुडवत पाहायला जायचो. घराची छपरं गळलेली असायची, अंगणात तळं साचलेलं असायचं, बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून पाणी वाहत असायचं, पण नाला मात्र कोरडा. गोट्यांवर ओल आलेली असायची, बोटभर धार नसायची. "नाई आला," असं सांगितलं की मोठेबाबांना त्याचं काहीच वाटायचं नाही. "येईन कसा? जमीन पेऊन रायली. पयले तिचा वाटा, मंग नाल्याचा."

आमच्याकडच्या काळ्या कन्हार जमिनीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्यांत पऱ्हाटीची काडी सोडली तर हातभर आत जाते. त्या भेगा बुजेपर्यंत पाऊस कुठे गेला ते कळत नाही. मृग जातो, आर्द्रा जातात, आणि मग पुनर्वसूत केव्हातरी रात्री नाल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकायला मोठेबाबा जागे असायचे.

पुढे शिकायला नागपूरला गेलो. जलविज्ञानाच्या पुस्तकात एक लहानसं कोष्टक होतं, सात ओळींचं. वर्षाला ५०० मिलीमीटर पाऊस पडला तर त्यातले १५ टक्के वाहून येतात. ६०० पडला तर २१ टक्के, ७०० ला २५, ८०० ला २९, ९०० ला ३४, १००० ला ३८ आणि ११०० ला ४०. कोष्टकाचं नाव 'बिनीची टक्केवारी'. नागपूरजवळच्या १६ चौरस किलोमीटरच्या एका पाणलोटावर १८६९ ते १८७२ या काळात झालेल्या मोजमापातून ती काढली आहे, आणि मध्य प्रदेशात व विदर्भात तलावांचा येवा ठरवायला ती वापरतात, असं खाली लिहिलेलं होतं. बाकीची मुलं सात आकडे पाठ करत होती. मला मात्र मोठेबाबांचं वाक्य कुणीतरी आकड्यांत लिहून ठेवल्यासारखं वाटलं. जमीन आधी पिते, नाल्याला नंतर मिळतं, आणि जमिनीची तहान भागत गेली की नाल्याचा वाटा वाढत जातो.

मोजणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव अलेक्झांडर रिचर्डसन बिनी. १८६८ ते १८७३ तो नागपुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता होता. शहराला नळाचं पाणी देण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते पाणी येणार होतं शहराच्या पश्चिमेच्या अंबाझरी तलावातून. म्हणजे ज्या कोष्टकावरून आमच्या भागातल्या कितीतरी लहानमोठ्या तलावांचा येवा कागदावर काढला गेला, त्याचा जन्म या एका बांधाच्या निमित्ताने झाला. पहिल्यांदा तिथे गेलो तो एवढ्यासाठीच. नंतर जात राहिलो, तो त्या बांधाची गोडी लागली म्हणून.

या बांधाचं रसग्रहण करायचं तर सुरुवात नावापासून करावी लागते. आंब्यांची झरी ती अंबाझरी. झरी म्हणजे जमिनीतून आपणहून पाझरणारं पाणी. आमच्या मारेगावच्या शेजारच्या तालुक्याच्या नावातच झरी आहे, झरी जामणी. जिथे पाणी स्वतः वर येतं ती जागा जुन्या माणसांनी आधी हेरली, नाव दिलं, आणि बांध पुढे आला. लव्हाच्या टेकड्यांकडून नाग नदी येते, या खोलगटात उतरते आणि शहराकडे वळते. तिच्याच नावाचं हे शहर. गोंड राजा बख्त बुलंदशाहने १७०२ साली बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं, त्याच्या वंशातल्या चांदसुलतानाने जुम्मा तलाव बांधला, भोसल्यांनी आणखी तलाव केले. अंबाझरीचा मूळ तलावही भोसल्यांच्या काळचा मानतात. १८७० च्या आसपास बांधाला आजचं रूप आलं आणि नळयोजना उभी राहिली. इतिहास एवढाच पुरे.

बांधावर चढलं की पहिली ओळ नजरेसमोर येते ती पाळीची. सरळ, लांब, डोळ्याला कुठेही न टोचणारी. दगडी धरण पाहताना मान वर करावी लागते, मातीच्या बांधाचं तसं नसतं. तो उंच वाटत नाही, रुंद वाटतो. दगडी भिंत आपल्या वजनाने पाण्याला थोपवते आणि तळाला साधारण उंचीच्या दोनतृतीयांश रुंदीत तिचं भागतं. माती तशी उभी राहू शकत नाही. ती पसरते, बसते, मांडी घालते. म्हणून मातीच्या बांधाचा पाया त्याच्या उंचीच्या कितीतरी पट रुंद असतो, आणि पाण्याकडचा उतार बाहेरच्या उतारापेक्षा सौम्य ठेवलेला असतो. त्याचं कारण वाचलं तेव्हा मला एखाद्या श्लोकाचा अन्वय लागावा तसा आनंद झाला होता. तलावातलं पाणी झपाट्याने उतरलं तर पाण्याकडची माती आतून भिजलेली असते, पण तिला बाहेरून धरून ठेवणारं पाणी गेलेलं असतं. अशा वेळी उतार घसरू शकतो. पाणी वाढण्याची भीती सगळ्यांनाच असते. पाणी कमी होण्याचीही भीती बाळगून काढलेली ही रेघ आहे.

आता खाली, पाण्याकडच्या अंगावर उतरून एक दगड जवळून पाहू. काळा, बेसाल्टचा. नागपूरच्या पश्चिमेचा खडक हाच. कंत्राटदार आणि गवंडी या कामाला 'पिचिंग' म्हणतात, सरकारी कागदात ते 'अश्मपटल' होतं. नीट बसवलेल्या पिचिंगमध्ये दगडाचं तोंड लहान दिसतं आणि लांबी आत गेलेली असते, दातासारखी. दोन दगडांमधल्या फटीत चिपा ठोकलेल्या असतात. खाली बारीक खडीचा थर असतो. या दगडांत चुना नसतो, आणि नसावाच. लाट आपटून परतताना आतलं पाणीही तिच्यामागे बाहेर येऊ पाहतं. त्याला वाट मिळाली नाही तर ते दगडच उचलून बाहेर काढेल. म्हणून दगड घट्ट, पण फटी मोकळ्या. खालची खडी पाण्याला जाऊ देते आणि मातीला अडवते. एवढ्याशा थराकडे किती शहाणपण सोपवलेलं आहे! मी तासभर त्या उतारावर बसून लाटा मोजल्या आहेत. पावसाळी वारा पश्चिमेचा, तलाव बांधाच्या पश्चिमेला, त्यामुळे तलावभर फिरून वाऱ्याने जमवलेली प्रत्येक लाट बांधावरच येऊन संपते. हे दगड दीडशे वर्षं त्या लाटा खात आले आहेत.

मातीच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि रसग्रहणाला तेच जास्त खुणावतं. चांगल्या मातीच्या बांधात माती एकजिनसी नसते. मध्ये गाभा असतो, चिकण काळ्या मातीचा, जी पाणी सहजासहजी जाऊ देत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं कवच, जे पाणी जाऊ देतं पण घसरत नाही. एक माती पाणी अडवते, दुसरी पहिलीला सावरते. आमच्याकडे शेतात या दोन्ही मात्या आहेत. सालदार पाय ठेवूनच सांगतो की ही कन्हार आणि ही खरडी. कन्हारीत कापूस येतो, खरडीत येत नाही, म्हणून आम्ही खरडीला नावं ठेवत आलो. बांध वाचायला लागल्यावर मला खरडी जमिनीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळेल आणि पावसाळ्यात लोण्यासारखा घसरेल.

इंग्लंडहून येणाऱ्या अभियंत्यांच्या मनात त्या काळी मातीच्या बांधांचा धसका होता. १८६४ साली शेफील्डजवळचा डेल डाइकचा मातीचा बांध पहिल्यांदा भरतानाच फुटला आणि अडीचशेच्या आसपास माणसं वाहून गेली. बिनी नागपुरात आला त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. दुसरीकडे मुंबईत विहार तलावाचे मातीचे बांध १८६० पासून शहराला पाणी देत होते. मातीवर विश्वास ठेवायचा, पण डोळे मिटून नाही, असा तो काळ होता. अंबाझरीची पाळ त्या मनःस्थितीत वाचली पाहिजे.

पण मातीचं एक वर्म आहे. तिच्यावरून पाणी वाहता कामा नये. पाझर तिला सोसतो, वरून वाहणारा लोंढा सोसत नाही. माथ्यावरून हातभर पाणी गेलं तरी बाहेरचा उतार खणला जातो, आणि काही तासांत बांध नाहीसा होतो. म्हणून जिथून पाणी ओलांडून जायचं आहे तिथे माती थांबते आणि दगड सुरू होतो. तो सांडवा. अंबाझरीचं सौंदर्य मला कुठे एकवटलेलं दिसत असेल तर ते या दगडी सांडव्याच्या उंबरठ्यात. पाणी इथवर येईल आणि इथून पुढे जाईल, असा तो ठराव आहे. दारं नाहीत, चक्रं नाहीत, रात्री उठून कुणी काही उघडायचं नाही, ही जुन्या सांडव्याची रीत. पाणी भरलं की ते आपणच वाट घेतं. उंबरठा एक वीत उंच ठेवला असता तर कितीतरी जास्त पाणी साठलं असतं. एक वीत खाली ठेवला असता तर पाळ आणखी निर्धास्त झाली असती. या दोहोंमध्ये ती रेघ ओढण्यासाठी धीर लागतो, आणि हिशेबही लागतो.

सांडव्याचा उंबरठा आणि पाळीचा माथा यांच्यामध्ये काही उंची रिकामी सोडलेली असते. नवख्याला ती वाया गेलेली वाटते. छंदशास्त्रात ओळीच्या मध्ये जो यती असतो त्याच्यासारखी ती जागा आहे. तिथे अक्षर नसतं, पण ती जागा गाळली तर वृत्त मोडतं. पुराची चढ आणि वाऱ्याची लाट या दोघांना श्वास घ्यायला ती ठेवलेली आहे. क्षेमेंद्राने काव्याचा जीव औचित्यात आहे असं मानलं. मला औचित्य या शब्दाचा अर्थ वर्गात नीटसा कळला नव्हता, तो या रिकाम्या उंचीपाशी कळला.

आणि मग ती जागा, जिथे दगड आणि माती एकमेकांना भेटतात. व्याकरणात दोन वर्ण जवळ आले की संधी होतो, दोघांचंही रूप थोडं बदलतं आणि मग जोड दिसत नाही. बांधाचा संधी इतका सहज होत नाही. माती वर्षानुवर्षं बसत राहते, दगडी बांधकाम बसत नाही. एक खाली सरकतो, दुसरा जागचा हलत नाही, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडू शकते. पाण्याला केस पुरतो. ते त्या फटीतून चालायला लागतं, चालताना मातीचे कण उचलतं, फट बोटाएवढी होते, मग हाताएवढी. म्हणून सांडव्याच्या दगडी भिंती माती जिथे संपते तिथेच थांबवत नाहीत, त्या मातीच्या पोटात आत शिरवलेल्या असतात. भिंतीचं मातीकडचं अंग थोडं कललेलं ठेवतात, म्हणजे माती बसताना भिंतीपासून सुटत नाही, उलट तिच्यावर रेलते. दोन भिन्न स्वभावांची गाठ घालताना ठेवलेला हा कल मला फार आवडतो. एक अढळ राहतो, दुसरा झुकतो, आणि झुकण्याची दिशा आधीच ठरवलेली असते.

ही गाठ सैल राहिली तर काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचा मातीचा बांध फुटला. धरण नवं होतं, काम पुरं व्हायचं होतं, तलाव झपाट्याने भरत होता. पाणी सोडण्याच्या मोरीवरची माती खचत गेली. म्हणजे पुन्हा तीच जागा, बांधकाम आणि माती यांची भेट. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली. सकाळी बांध गेला आणि तो लोंढा खाली खडकवासल्याच्या दगडी धरणावर आला. १८७९ मध्ये पूर्ण झालेलं ते धरण काही तास टिकलं. त्या तासांत पुण्यातल्या कितीतरी माणसांना नदीकाठ सोडायला वेळ मिळाला. खडकवासल्याच्या दगडाची थोरवी मी त्या तासांत मोजतो. पण पानशेत फुटलं म्हणून माती हलकी ठरत नाही. माथ्यावरून पाणी न जाता मातीचं धरण फुटतं तेव्हा पुष्कळदा ते मातीच्या मधोमध फुटत नाही, कशाच्या तरी कडेने फुटतं. मोरीच्या, भिंतीच्या, किंवा मुळाच्या.

मुळाचं म्हटलं ते अंबाझरीच्या पाळीवरच्या झाडांमुळे. वर्षानुवर्षं तिथे झाडं वाढली, मोठी झाली, सावली देऊ लागली. पाटबंधारे खात्याचं म्हणणं पडलं की झाडं काढली पाहिजेत, आणि झाडांवर प्रेम करणारी माणसं हळहळली. मीही त्या सावलीत बसलो आहे, त्यामुळे त्यांचं दुःख मला कळतं. पण बांध वाचणारा माणूस म्हणून मी खात्याच्या बाजूने आहे. जिवंत मूळ मातीला धरून ठेवतं हे खरं. झाड मेलं की मूळ कुजतं आणि मातीच्या आत नळीसारखी पोकळी राहते, पाण्याच्या बाजूकडून शहराच्या बाजूकडे जाणारी. मातीच्या बांधावर गवत हवं. गवताची मुळं दाट असतात आणि वीतभरात संपतात.

आता पुन्हा त्या सात ओळींकडे येतो, कारण बांधाची उंची, सांडव्याचा उंबरठा, शहराला द्यायचं पाणी, सगळं शेवटी त्यांच्यावर टेकलेलं आहे. ५०० मिलीमीटरच्या वर्षी १५ टक्के, म्हणजे ७५ मिलीमीटर पाणी वाहून येतं. १००० च्या वर्षी ३८ टक्के, म्हणजे ३८० मिलीमीटर. पाऊस दुप्पट, पाणी पाचपट. पहिल्या पाचशेने ७५ दिले आणि दुसऱ्या पाचशेने ३०५. सोळा चौरस किलोमीटरवर याचा अर्थ असा की एका वर्षी तलावात १२ लाख घनमीटर पाणी उतरेल आणि दुसऱ्या वर्षी ६० लाख. आता उलट्या बाजूने वाचा. हजाराऐवजी सातशे पडला तर लोक म्हणतात, पाऊस जरा कमी झाला. तीस टक्केच तर कमी. पण तलावाला ३८० ऐवजी १७५ मिळतात, निम्म्याहूनही कमी. वर्तमानपत्रात पावसाची टक्केवारी वाचून आपण निश्चिंत होतो आणि मार्चमध्ये टँकर का आला ते कळत नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मारेगावच्या शेतकऱ्याला ते कोष्टकाशिवाय कळतं. "पाऊस पडला, पर तलाव नाई भरला" हे वाक्य आमच्याकडे तक्रार म्हणून कुणी बोलत नाही, नुसतं सांगतात.

बिनीने पाऊस इंचांत मोजला होता, आमच्या पुस्तकापर्यंत येताना त्याचे मिलीमीटर झाले. लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या कामकाजात १८७५ साली त्याचा नागपूरच्या पाणीयोजनेवरचा निबंध छापला गेला. त्यात पाऊस आणि वाहून आलेलं पाणी यांच्याबरोबर बाष्पीभवनाचाही विचार आहे. आमच्याकडच्या उन्हात उघड्या पाण्याचा वर्षाला दीड मीटरहून जास्त जाडीचा थर आकाशात जातो. म्हणजे जमिनीचा वाटा आधी आणि सूर्याचा वाटा नंतर, आणि दोघांचं भागल्यावर जे उरेल त्यावर शहराने तहान भागवायची. किती साठवू शकतो हे विचारण्याआधी मिळणार किती हे विचारण्याची ही रीत मला या बांधाचा आत्मा वाटते. एक माणूस परक्या देशात येतो, बांध उंच करायच्या कामावर नेमला जातो, आणि बांधापासून दूर, कोरड्या ओघळींत उभा राहून पाण्याची वाट पाहतो. त्याला पहिल्या पावसात ओघळ कोरडी दिसली असणार. मोठेबाबांना कळलेलं त्याला मोजून कळलं.

याच माणसाने त्याच वर्षांत वरोऱ्याला दगडी कोळसा शोधून काढला. वरोरा म्हणजे आमच्यापासून वर्धा नदीच्या पलीकडचं तीर. वणीच्या खाणींकडे जाणारे कोळशाचे ट्रक पाहत मोठे झालेल्या माझ्यासारख्याला हे कळलं तेव्हा तो बिनीसाहेब एकदम घरचा वाटायला लागला. पुढे तो ब्रॅडफर्डला गेला, मग लंडनच्या काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला आणि थेम्सच्या खालून जाणारा ब्लॅकवॉलचा बोगदा त्याने बांधला, जो १८९७ मध्ये खुला झाला. तिकडे त्याची ओळख त्या बोगद्याची. विदर्भात मात्र तो सात ओळींत आहे, आणि अजून रोजच्या कामात आहे.

त्या सात ओळींत नसलेली एक रात्र अंबाझरीने अलीकडे पाहिली. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला. तलाव भरलेलाच होता. नक्षत्र उत्तरा. मृगात असा पाऊस पडता तर भेगाळलेल्या मातीने त्यातला बराच पोटात घेतला असता. उत्तरा नक्षत्रात जमीन भरल्या पोटी असते, जे पडतं ते सगळं पुढे पाठवते. त्यात पाणलोटात घरं, रस्ते, सिमेंट. सिमेंटला तहान नसते. सांडव्यावरून पाणी गेलं, नागने काठ सोडले, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, वर्मा लेआउट पाण्याखाली गेले, माणसं दगावली. बांध फुटला नाही, हे मात्र नोंदवायला हवं. त्या रात्री मातीने, दगडाने आणि त्यांच्या संधीने आपलं काम केलं. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकामुळे पाण्याची वाट अरुंद झाली का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. वाचक म्हणून एवढंच म्हणतो की सांडव्यापुढची मोकळी जागा हा सांडव्याचाच भाग असतो. दगडाइतकाच.

आज नागपूरची तहान पेंच आणि कन्हान नद्यांवर भागते. अंबाझरीच्या बाजूने मेट्रो धावते, संध्याकाळी माणसं फिरायला येतात, आणि एके काळी हाच तलाव आख्ख्या शहराच्या हंड्याघागरींत होता हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. आमच्या मारेगाव तालुक्यात मात्र बांध आणि पिण्याचं पाणी यांचं नातं अजून तुटलेलं नाही. नवरगावचा बांध मातीचाच. यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या बाजूला विहिरी-बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराईड आहे, लहान मुलांच्या दातांवर पिवळसर डाग दिसतात, म्हाताऱ्यांची हाडं धरतात. खालच्या खडकातलं पाणी जिथे असं बाधतं, तिथे पावसाचं साठवलेलं पाणी किती मोलाचं, ते घागर डोक्यावर घेणाऱ्या बाईला विचारावं.

मागच्या श्रावणात आमच्याकडच्या एका बांधाच्या पायथ्याशी गेलो होतो. तलाव काठोकाठ भरलेला. बाहेरच्या अंगाला, जिथे पाळ संपते आणि दगडांची रास लावलेली असते, तिथून करंगळीएवढी धार बाहेर येत होती. मी धास्तावलो. तिथला म्हातारा चौकीदार शांतपणे खाली बसला, ओंजळीत ते पाणी धरलं आणि उन्हाकडे केलं. मीही वाकून पाहिलं. तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या, एकेक.

"गढूळ असतं तं पयालो असतो गावात," तो म्हणाला. "हे नितळ हाय. येऊ द्या."